उसना उपदेश आणि उसना शोक

‘मी आमच्या मंडळीच्या कमिटीवर आहे. मध्यंतरी पाळकसाहेबांनी दुःखाविषयी संदेश दिला. वडिलांच्या शेवटच्या सकाळी आपण स्वतः त्यांची दाढी केली, हात थरथरत होता, आणि वडील डोळे न उघडताच म्हणाले, “घाई करू नकोस,” असा प्रसंग त्यांनी सांगितला. अख्खी मंडळी रडली. मीही रडले. नुकतेच वडील गेलेला एक तरुण उपासनेनंतर त्यांचा हात धरून म्हणाला, “तुम्हाला तरी कळेल.” पुढे काही दिवसांनी मी मोबाईलवर एका परदेशी उपदेशकाचा जुना संदेश ऐकत होते. तोच प्रसंग, तीच दाढी, तेच “घाई करू नकोस”. आमच्या पाळकसाहेबांचे वडील तर रात्री झोपेतच गेले होते. मी अंत्यविधीला होते. मग मी शोधत गेले. बरेच संदेश तिथलेच निघाले, मुद्द्यांच्या क्रमासकट. एका ठिकाणी त्या उपदेशकाने अध्यायाचा क्रमांक चुकीचा सांगितला आहे. आमच्याकडेही तोच चुकीचा क्रमांक सांगितला गेला होता. आता रविवारी मन लागत नाही, हात मोबाईलकडे जातो. ही चोरी म्हणायची का? कमिटीत बोलू की गप्प राहू? आणि त्या दिवशी मला जो धीर मिळाला, तो खोटा होता का?’

– एक वाचक भगिनी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आधी तो दाढीचा प्रसंग जरा बाजूला ठेवू. संदेशाचे मुद्दे, त्यांचा क्रम, वचनाचा उलगडा हे दुसऱ्याकडून घेणं ही एक गोष्ट. दुसऱ्याच्या वडिलांचं मरण आपल्या वडिलांचं म्हणून सांगणं ही निराळीच गोष्ट. तुमच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली आहे आणि ते साहजिक आहे, कारण दोन्ही एकदमच तुमच्या पुढ्यात आल्या. पहिलीबद्दल मी पाळकसाहेबांची बाजू बऱ्यापैकी घेणार आहे. दुसरीबद्दल अजिबात घेणार नाही.

व्यासपीठाला उसनवारी नवी नाही. संत ऑगस्टीन स्वतः नामांकित वक्ते होते. पाचव्या शतकात त्यांनी उपदेशकांसाठी एक ग्रंथ लिहून पुरा केला. त्याच्या शेवटच्या भागात ते म्हणतात की काहींना बोलता छान येतं, पण रचता येत नाही. अशांनी दुसऱ्याने विचारपूर्वक लिहिलेलं पाठ करून लोकांपुढे सांगितलं, तर त्यात वावगं काही नाही. बायबलमधल्या यिर्मयाच्या २३व्या अध्यायात एकमेकांपासून वचनं चोरणाऱ्या संदेष्ट्यांवर देवाचा रोष आहे, हे त्यांना ठाऊक होतं. ते वचन समोर ठेवूनच ते उत्तर देतात: जो देवाचं वचन पाळतो त्याचं ते स्वतःचंच आहे; चोर तो, जो चांगलं बोलतो आणि वाईट वागतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशा माणसाला ते चोर म्हणत होते. दुसऱ्याची वही वाचणाऱ्याला नव्हे.

पुढे चर्चने या उसनवारीची रीतसर सोयच केली. आजच्या फ्रान्समधल्या आर्लचे बिशप सिझेरियस स्वतःचे उपदेश लिहून इतर धर्मगुरूंना वाटायचे. त्यांच्याच पुढाकाराने ५२९ साली वेझों इथे धर्मसभा भरली आणि तिने ठरवलं की धर्मगुरू आजारी असेल तर डीकनांनी, म्हणजे त्याच्या हाताखालच्या सेवकांनी, पूर्वसूरींचे उपदेश वाचून दाखवावेत. ख्रिस्ताचं शुभवर्तमान वाचायला जे पात्र आहेत, ते त्यावरचं पूर्वसूरींचं विवेचन वाचायला अपात्र कसे, असा त्यांचा सरळ युक्तिवाद होता. इंग्लंडमध्ये १५४७ साली १२ उपदेशांचं अधिकृत पुस्तक छापलं गेलं आणि धर्मगुरूंनी रविवारी त्यातून वाचावं असा हुकूम निघाला. दुसऱ्या धर्मांतही हे दिसतं. तुर्कस्तानात शुक्रवारच्या नमाजाचा खुत्बा, म्हणजे प्रवचन, सरकारच्या धर्मव्यवहार विभागाकडून तयार होऊन मशिदींत जातो. त्या रचनेवर इतर आक्षेप घेता येतील, पण ‘इमामाने हे स्वतः लिहिलं’ अशी फसगत तिथे कोणाची होत नाही.

मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समोर बसलेल्या माणसाला काय वाटतंय, आणि त्याला तसं वाटतंय हे उपदेशकाला माहीत आहे का? वेझोंच्या डीकनाच्या हातात पोथी होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. तुमच्या पाळकसाहेबांच्या हातातली पोथी कोणालाच दिसली नाही.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसतं. त्यांच्या उपदेशांत इतर उपदेशकांचे उतारे ठिकठिकाणी सापडतात, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. ते ज्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट परंपरेत वाढले, तिथे व्यासपीठावरचं चांगलं वाक्य ही सगळ्यांची सामाईक ठेव मानली जायची, असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि त्यामुळे त्या उपदेशांकडे पुष्कळांनी समजुतीने पाहिलं. पण त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातही असंच घेतलेलं सापडलं, तेव्हा बॉस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी, ते वाङ्मयचौर्य असल्याचा निर्णय दिला. पदवी काढून घेऊ नये असंही तिनेच सांगितलं. माणूस तोच, सवय तीच. पण प्रबंध वाचणाऱ्याला जे आश्वासन दिलेलं असतं, ते उपदेश ऐकणाऱ्याला दिलेलंच असतं असं नाही. म्हणून ‘ही चोरी का?’ याचं उत्तर तुमच्या मंडळीत काय गृहीत धरलं जातं यावर अवलंबून आहे. तुमच्या पत्रावरून दिसतं की तुमच्याकडे सगळे धरून चालतात, पाळकसाहेब आठवडाभर वचनापुढे बसतात आणि त्यातून हे निघतं. पाळकसाहेबांनाही हे माहीत आहे. तेव्हा निदान सांगायला हवं होतं.

‘पण संदेश चांगले होते ना?’ असं तुम्हाला कोणीतरी विचारेलच. हा प्रश्नही जुना आहे. १७३४ साली सॅम्युएल हेम्फिल नावाचा प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा तरुण उपदेशक आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आला. आवाज चांगला, उपदेश आयत्या वेळी सुचल्यासारखे. एरवी चर्चकडे क्वचित फिरकणारे, तिथले मुद्रक आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिनही नेमाने जाऊ लागले. हेम्फिलच्या एका विरोधकाला त्याचा एक गाजलेला उपदेश ऐकताना वाटलं, हे आपण कुठेतरी वाचलंय. शोधल्यावर एका ब्रिटिश नियतकालिकात जेम्स फॉस्टर या इंग्रज उपदेशकाच्या उपदेशाचा उताराच सापडला. तुमच्यासारखंच झालं, फक्त मोबाईलच्या जागी मासिक होतं. हेम्फिलची बाजू घेणारे बरेच जण पांगले. फ्रँकलिन मात्र हटले नाहीत. स्वतः रचलेले वाईट उपदेश ऐकवण्यापेक्षा दुसऱ्याचे चांगले ऐकवलेले बरे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पुढे हेम्फिलने त्यांच्याजवळ खासगीत कबूल केलं, की केलेल्या उपदेशांपैकी एकही आपला नव्हता.

फ्रँकलिन यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. कंटाळवाण्या, तयारी न केलेल्या संदेशाने मंडळीचं नुकसान होतं आणि ‘निदान स्वतःचा तरी होता’ म्हणून ते भरून निघत नाही. पण फ्रँकलिन उपदेशाकडे चांगला माल आणि वाईट माल अशा नजरेने पाहत होते. त्यांना व्याख्यान हवं होतं, ते मिळालं. आजारपणात घरी येऊन बसणारा, मुलांचे बाप्तिस्मे करणारा, अंत्यविधीला मातीजवळ उभा राहणारा माणूस रविवारी बोलतो, तेव्हा लोक केवळ मजकूर ऐकत नसतात. हा माणूस खरं सांगतोय, या भरवशावर ते आपलं दुःख त्याच्याकडे नेतात. हेम्फिलकडे असं दुःख घेऊन कोण गेलं असेल, आणि नंतर त्याला काय वाटलं असेल, याबद्दल फ्रँकलिन काही लिहीत नाहीत.

‘मूळ उपदेशकाची परवानगी असेल तर?’ असंही कदाचित तुम्हाला ऐकवलं जाईल. अमेरिकेत २०२१ साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या चर्चसंघाचे अध्यक्ष म्हणून एड लिटन निवडून आले आणि लगेचच त्यांचा एक संदेश आणि आधीचे अध्यक्ष जे. डी. ग्रीअर यांचा संदेश शेजारी शेजारी लावलेल्या चित्रफिती फिरू लागल्या. वाक्यामागून वाक्यं जुळत होती. लिटन यांनी सांगितलं की परवानगी होती, ग्रीअर यांनीही त्याला दुजोरा दिला; नाव घेतलं नाही याबद्दल मात्र लिटन यांनी माफी मागितली. मला त्यांचं माफी मागणं योग्य वाटतं. परवानगी दिली होती ती लिहिणाऱ्याने. ऐकणाऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कायद्याचंही तसंच. लेखकाच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षांनी त्याचे उपदेश कोणीही छापू शकतो. त्यामुळे ते आपण लिहिले असं भासवायची मुभा मिळत नाही.

१८व्या शतकात जॉन ट्रस्लर नावाच्या इंग्रज धर्मगुरूने याचा धंदाच काढला होता. १७६९ साली त्याने इंग्लंड-आयर्लंडमधल्या सगळ्या पॅरिशांना, म्हणजे स्थानिक मंडळ्यांना, पत्रकं पाठवली: सुमारे १५० उपदेश, प्रत्येकी एक शिलिंग, आणि छपाई हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या टाइपात. धर्मगुरूंचे रचण्याचे आणि उतरवून काढण्याचे कष्ट वाचावेत, हा हेतू त्याने सांगितला. कष्टच वाचवायचे तर साधा टाइप पुरला असता. हस्ताक्षर हवं होतं ते खाली बसलेल्यांसाठी.

आता त्या दाढीकडे येते. इथे मी पाळकसाहेबांची बाजू घेऊ शकत नाही.

व्यासपीठावर असताना ओघात ‘एका उपदेशकाचे वडील’ऐवजी ‘माझे वडील’ निघून गेलं असेल, असं एक वेळ धरू. टिपणं जशीच्या तशी वाचली असतील, तेही धरू. पण उपासनेनंतर त्या तरुणाने हात धरला आणि ‘तुम्हाला तरी कळेल’ म्हणाला, तेव्हा पाळकसाहेबांपुढे एक मोकळा क्षण होता. ‘बाळा, तो प्रसंग माझा नाही, पण तुझं दुःख मला कळतं,’ एवढंच म्हणायचं होतं. ते गप्प राहिले. त्या मुलाने आपलं खरं दुःख एका खोट्या दुःखाशेजारी ठेवलं आणि त्यांनी ते ठेवू दिलं. मुद्द्यांचा क्रम घेतला, अध्यायाचा चुकीचा क्रमांक उचलला, ही सगळी हलगर्जी म्हणता येईल. हे तसं म्हणता येणार नाही.

यात आणखी एक हानी झाली आहे आणि ती कदाचित त्यांच्याही लक्षात आली नसेल. त्यांचे वडील झोपेत गेले. निरोप नाही, शेवटचा शब्द नाही, दाढी करायची सकाळ नाही. रात्री ‘येतो’ म्हणून झोपायला गेलेलं माणूस सकाळी उठलंच नाही, हे सांगायला अवघड आहे; त्यात प्रसंग नाही, संवाद नाही, रडवणारं वाक्य नाही. म्हणूनच बहुधा त्यांनी दुसऱ्याचं मरण घेतलं, ज्याला आकार होता. पण तुमच्या मंडळीत नजर फिरवा. कोणाचा नवरा कामावर गेला तो परतला नाही, कोणाची आई फोन उचलायच्या आत गेली. त्यांच्याही वाट्याला ती सकाळ आली नाही. त्यांच्याशी बोलायला तुमच्या पाळकसाहेबांइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. जे बोलायचा खरा अधिकार त्यांच्याकडे होता, ते बोलायचं राहून गेलं. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौल राजाने आपलं चिलखत चढवलं, तेव्हा दावीदाने ते उतरवून ठेवलं, कारण त्याला त्याचा सराव नव्हता, आणि ओढ्यातले गोटे वेचले. पाळकसाहेबांनी आपले गोटे तसेच पडू दिले.

ते असं का करत असतील, याचाही विचार करा, आणि तो कमिटीवरची व्यक्ती म्हणून करा. रविवारचा संदेश, आठवड्यातल्या घरोघरच्या प्रार्थनासभा, महिलांची सभा, तरुणांची सभा, मधेच एखादा अंत्यविधी, शिवाय छपराच्या दुरुस्तीची वर्गणी. यात वचनापुढे शांत बसायला त्यांना सलग सकाळ कधी मिळते? दुसरीकडे मंडळीतल्या प्रत्येकाच्या खिशात जगातल्या सगळ्यात गाजलेल्या उपदेशकांचे संदेश आहेत आणि पाळकसाहेबांची तुलना रोज त्यांच्याशी होते. ‘आज फार छान झालं हं’ हे शब्द कोणत्या रविवारी ऐकू येतात आणि कोणत्या रविवारी येत नाहीत, याची नोंद माणसाचं मन ठेवतंच. त्याने खोटं बोलणं माफ होत नाही. पण मंडळीने उपदेशकाला असं कोंडीत धरलं असेल, तर तेवढ्यापुरता जाब मंडळीकडेही मागायला हवा. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली उपदेशाच्या तयारीविषयी सविस्तर लिहिलं. तयारी न करणारा उपदेशक मिळालेल्या देणग्यांशी अप्रामाणिक आणि बेजबाबदार असतो, इतके कडक शब्द त्यांनी वापरले. पण त्याच ठिकाणी, इतर महत्त्वाच्या कामांचा वेळ कमी करावा लागला तरी चालेल, तयारीसाठी वेळ राखून ठेवा, असंही त्यांनी बजावलं. तुमच्या कमिटीने असा वेळ राखून दिला आहे का?

आणि आता यंत्रंही आली आहेत. जून २०२३मध्ये जर्मनीत फ्यूर्थ इथे, प्रोटेस्टंट पंथीयांच्या मोठ्या मेळाव्यात, चॅटजीपीटी या संगणकीय यंत्रणेने लिहिलेली जवळजवळ संपूर्ण उपासना पडद्यावरच्या कृत्रिम चेहऱ्यांनी चालवली. ३००हून अधिक लोक आले होते, आणि आपण काय ऐकायला आलोय हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तेव्हा त्यात फसवणूक नव्हती. यंत्राकडून मुद्दे काढून घेणारे उपदेशक वाढतील, त्यावर स्वतंत्रपणे बोलता येईल. तूर्त एवढंच की यंत्राने ‘माझे वडील गेले तेव्हा’ असं लिहून दिलं आणि कोणी ते मोठ्याने वाचलं, तर ते वाक्य वाचणाऱ्याचं होतं. यंत्राला वडील नसतात.

तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटला. तुम्हाला मिळालेला धीर खोटा नव्हता. देव दुःखितांच्या जवळ असतो, हे त्या दिवशी तुम्ही ऐकलं असेल, तर ते त्या सकाळीही खरं होतं आणि आजही आहे. हा प्रश्न चर्चपुढे फार पूर्वी आला होता. छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंच्या हातचे संस्कार वैध की अवैध, यावर उत्तर आफ्रिकेत, ते अवैध मानणाऱ्या डोनॅटिस्ट पंथाशी मोठा वाद पेटला. ऑगस्टीन यांनी ठामपणे मांडलं की संस्कार ख्रिस्ताचे आहेत, देणाऱ्याच्या अपात्रतेने ते बाद होत नाहीत. पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो, की काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात. निमित्ताने असो वा खरेपणाने, घोषणा होते यात मला आनंद आहे. तुमचं त्या दिवशीचं रडणंही खरं होतं. कोणा एका मुलाने खरोखरच आपल्या वडिलांची शेवटची दाढी केली होती आणि तुम्ही त्याच्यासाठी रडलात. फक्त तो तुमच्यासमोर उभा नव्हता.

तेव्हा पुढच्या रविवारी मोबाईल घरी ठेवा. मी हे गांभीर्याने सांगतेय. संदेश चालू असताना वाक्यं शोधत बसलात, तर तुमची उपासना पाळकसाहेबांनी नाही, तुम्हीच घालवली असं होईल. जेवढं सापडलं तेवढं बोलायला पुरेसं आहे.

बोलायचं कोणाशी? आधी त्यांच्याशी, एकट्याशी. मत्तयाच्या १८व्या अध्यायातला क्रम तुम्हाला पाठ असेल: आधी दोघांतच, मग एक-दोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे. तो क्रम इथे तंतोतंत लागू पडतो. रविवारी उपासनेनंतर नको, तेव्हा ते थकलेले असतात आणि लोक अवतीभवती असतात. मेसेजवर तर मुळीच नको. मधल्या वारी वेळ मागून घ्या. सगळ्या संदेशांची यादी पुढे टाकू नका. यादी पाहिली की माणूस एकेका कलमाचा बचाव करायला लागतो. फक्त एकच म्हणा: ‘पाळकसाहेब, दाढीचा तो प्रसंग मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. तुमच्या वडिलांच्या वेळी मी होते.’ आणि मग थांबा. ते काय म्हणतात यावरून पुढचं ठरेल.

त्यांनी कबूल केलं, तर दोन गोष्टी मागा. पहिली, त्या तरुणाला त्यांनी स्वतः भेटून सांगावं, आणि ते मंडळीपुढे बोलण्याच्या आधी. सगळ्यांदेखत त्याला ते पहिल्यांदा कळलं, तर त्याला ते फार लागेल. दुसरी, मंडळीपुढे त्यांनी एकदा साध्या शब्दांत सांगावं: तो प्रसंग माझा नव्हता, माझा म्हणून सांगितला, मला क्षमा करा, इथून पुढे जिथून घेईन तिथलं नाव सांगेन. स्पष्टीकरणाचा संदेश नको, त्यावर वचनाचा आधारही नको. चार वाक्यं पुरेत.

नाव सांगणं त्यांना कमीपणाचं वाटत असेल, तर पौलाचं अथेन्समधलं भाषण त्यांच्याबरोबर वाचा. परक्या लोकांपुढे उभा राहून तो म्हणतो, तुमच्याच काही कवींनी म्हटलं आहे. त्याने नाव घेतलं नाही, पण वाक्य आपलं नाही हे सांगितलं, आणि त्याचं वजन काही कमी झालं नाही. यहुदी परंपरेत तर म्हटलंय की जो एखादी गोष्ट ती बोलणाऱ्याच्या नावाने सांगतो, तो जगाला मुक्ती आणतो. आणि दाखला दिलाय एस्तेर राणीचा, जिने कटाची बातमी राजाला मर्दखयाच्या नावाने सांगितली. व्यवहारात हे फार सोपं आहे. प्रत्येक वाक्याला तळटीप लावायची नाही. बायबलवरच्या विवेचनग्रंथांतून सगळ्यांनाच मिळतं ते आपलं म्हणायला हरकत नाही. पण आराखडाच एका माणसाचा असेल तर सुरुवातीला एकदा म्हणावं, ‘या भागावरचा अमुक यांचा संदेश मला फार भावला, आज मी त्यांच्याच वाटेने जाणार आहे.’ आणि प्रसंग असेल तर, ‘एका उपदेशकाने आपल्या वडिलांच्या शेवटच्या सकाळविषयी सांगितलंय.’ मंडळी तरीही रडली असती. रडू दाढीने आणलं होतं, ‘माझे’ या शब्दाने नव्हे.

त्यांनी झटकून टाकलं, किंवा कबूल करून पुन्हा तेच चालू ठेवलं, तर कमिटीतल्या एका समंजस, तोंड बंद ठेवू शकणाऱ्या वडिलधाऱ्याला बरोबर घेऊन परत जा. तेवढ्यानेही झालं नाही, तर कमिटीपुढे आणा. गप्प बसू नका. तुमच्याआधी नाही तर तुमच्यानंतर हे कोणाच्या तरी मोबाईलवर सापडणारच, आणि तो माणूस तुमच्याइतका हळुवार असेलच असं नाही.

कमिटीतही नुसता पाळकसाहेबांचा विषय घेऊ नका. महिन्यातून एखादा रविवार दुसऱ्या कोणाला संदेश द्यायला सांगता येईल. आठवड्यातल्या सभांपैकी निम्म्या, संदेशाशिवाय, नुसत्या वचनवाचनाच्या आणि प्रार्थनेच्या करता येतील. पाळकसाहेबांना ज्या आठवड्यात दोन अंत्यविधी आले, त्या रविवारी त्यांनी एखादा जुना, चांगला उपदेश लेखकाचं नाव सांगून वाचून दाखवावा आणि त्याबद्दल कोणी कुजबुजू नये, असा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवता येईल. वेझोंच्या सभेला जे सुचलं, ते तुमच्या कमिटीलाही जमेल.

बोलणं झाल्यावर कदाचित ते राजीनामा पुढे करतील. तसं झालं तर तो त्याच बैठकीत स्वीकारू नका. शरमेच्या भरात दिलेला राजीनामा स्वीकारणं सगळ्यांनाच सोयीचं असतं, आणि मग त्या तरुणाकडे जायचं तसंच राहून जातं. आधी ती भेट होऊ द्या, मंडळीपुढचं बोलणं होऊ द्या. काही महिने त्यांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. ते आधीच्या संदेशांइतके गोळीबंद नसतील, तेव्हा खाली बसून धीराने ऐका. त्यानंतर त्यांनी राहायचं की जायचं, ते त्यांना आणि कमिटीला ठरवता येईल.

तुमची,
सल्ला सदराची लेखिका